मोकाट डुकरांची कैफियत

पावसाळा तोंडावर आला, नालेसफाईची निविदा निघाली आणि ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात उतरण्याचे दिवस जवळ आले, म्हणजे लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावांतून जी एक मागणी दरसाल नेमाने डोके वर काढते, ती मोकाट डुकरांच्या बंदोबस्ताची होय. या मागणीच्या अर्जाचा मजकूरही आता शिरस्त्याने ठरून गेलेला आहे : डुकरांमुळे रोगराई पसरते, सबब त्यांस पकडून गावाच्या हद्दीबाहेर घालवावे. अर्जदार सही करतो, कारकून आवक क्रमांक टाकतो आणि पुष्कळदा एखाद्या परगावच्या ठेकेदाराकरवी दहा-वीस जनावरे जाळ्यात धरून कोठे तरी नेलीही जातात; पुढच्या पावसाळ्यात तितकीच, किंबहुना त्याहून काही अधिक, त्याच गटाराच्या कडेला पुन्हा दिसू लागतात, आणि तोच अर्ज नव्या तारखेने पुन्हा लिहिला जातो. हा मजकूर खोटा आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा पूर्वार्ध निम्मा खरा आहे आणि उत्तरार्ध जवळजवळ निरुपयोगी आहे, एवढेच माझे म्हणणे; आणि ज्या अर्थी डुकरांचे व माणसांचे विषाणू यांच्या देवघेवीविषयी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ पक्के ज्ञान हाती आले आहे, आणि त्यातील बरेचसे लोणंदहून अर्ध्या दिवसात जाऊन परतता येईल अशा अंतरावर, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, आपल्याच माणसांनी मिळवलेले आहे, त्या अर्थी त्या निम्म्या सत्याचा उरलेला भागही अर्जदारांपुढे ठेवणे इष्ट होय.

डुक्कर आणि साथ यांची गाठ आपल्या पिढीच्या मनात पडली ती 2009 साली. त्या वर्षीच्या एप्रिलात मेक्सिको व कॅलिफोर्निया येथे इन्फ्लुएंझाचा एक नवा विषाणू आढळला. त्याची जनुके तपासता त्यांतील बहुतेक ऐवज डुकरांत पूर्वीपासून फिरत असलेल्या विषाणूंचा निघाला, आणि तेवढ्यावरून वर्तमानपत्रांनी त्याचे ‘स्वाईन फ्लू’ असे बारसे उरकून टाकले. मे महिन्यात हैदराबादेस परदेशाहून उतरलेल्या एका प्रवाशाच्या ठायी तो भारतात प्रथम सापडला, 11 जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली, आणि 3 ऑगस्ट रोजी पुण्यातील एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, जो या रोगाचा या देशातील पहिला बळी ठरला. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पुण्यात किंवा पुण्याकडे जाऊन-येऊन काढले, त्यांस नायडू सांसर्गिक रुग्णालयापुढील रांगा, बंद पडलेल्या शाळा व चित्रपटगृहे, औषधाच्या दुकानांतून एकाएकी नाहीशा झालेल्या तोंडपट्ट्या आणि एस.टी.त कोणी शिंकले असता त्याच्याकडे वळणाऱ्या चाळीस माना, हे सर्व आठवत असेल.

त्या सगळ्या धामधुमीत डुक्कर कोठे होते? मेक्सिकोपासून पुण्यापर्यंतच्या त्या प्रवासात त्याला कोठेही जागा नाही. विषाणूच्या कुळाचा मूळपुरुष डुकराचा होता हे खरे; तथापि समुद्र ओलांडण्यापूर्वीच तो पुरता माणसाळला होता, विमानात तिकीट काढून बसणाऱ्या माणसाच्या श्वासावाटे तो आला, आणि पुण्याच्या वर्गखोल्यांत एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेला. पुढे 2015 साली त्याची भारतात जी मोठी लाट आली, जीत सुमारे 42 हजार रुग्ण आणि सुमारे 3 हजार मृत्यू नोंदले गेले, तिच्याशीही गटारातल्या डुकराचा संबंध नव्हता. आणि तरीही त्या काळात आपल्याकडील किती नगरपालिकांनी डुकरे धरण्याच्या मोहिमा मोठ्या तडफेने काढल्या! यात आपण एकटेच होतो असेही नाही. इजिप्तच्या सरकारने 2009 च्या वसंतात, देशात एकही रुग्ण सापडलेला नसताना, सगळ्या डुकरांच्या कत्तलीचे फर्मान काढले, आणि सुमारे तीन लाख जनावरे मारली. ही डुकरे कैरो शहराचा ओला कचरा खात असत, आणि तो कचरा दारोदार हिंडून गोळा करणारी जी ‘झब्बालीन’ नावाची गरीब ख्रिस्ती जमात, तिचा निम्मा संसार त्यांवर चाले. डुकरे गेली, कचरा चौकांत साठून कुजू लागला, आणि जून महिन्यात रोग मात्र इजिप्तमध्ये यायचा तो आलाच.

याहून जुना दाखला 1918 सालचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ज्या साथीचे नाव ‘मानमोडी’ असे होते, ती त्या वर्षी मुंबई बंदरातून आत शिरली, लोहमार्गाने देशावर चढली, आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे घेऊन गेली. लोणंदचे स्टेशन ज्या पुणे-मिरज मार्गावर आहे, तो मार्ग तेव्हाही चालू होता. त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरांना नाक गळणे, खोकला व तापाचा एक आजार झाला, जो तेथील पशुपालकांनी पूर्वी पाहिलेला नव्हता, आणि जे. एस. कोएन नामक एका सरकारी पशुवैद्याने, घरातील माणसे आणि गोठ्यातील डुकरे एकदमच आजारी पडताना पाहून, दोन्ही रोग एकच आहेत असे उघड सांगितले. डुकरांचा भाव पडेल या भीतीने व्यापारी त्याच्यावर खवळले. त्याने मत बदलले नाही. पुढे रिचर्ड शोप याने 1931 साली डुकराच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला, माणसाचा विषाणू त्यानंतर दोन वर्षांनी लंडनमध्ये हाती आला, आणि 1918 ची साथ पाहिलेल्या वयस्क माणसांच्या रक्तात डुकराच्या विषाणूस निष्प्रभ करणारी द्रव्ये आढळली, तेव्हा संशोधकांचा कल या निष्कर्षाकडे झुकला की रोग डुकराने माणसास दिला नसून माणसानेच डुकरास दिला असावा. 2009 सालीही हेच घडले. नॉर्वेतील डुकरांच्या कळपांत तोवर हा रोग माहीत नव्हता. त्या शरदात तेथील कळपांमागून कळप आजारी पडले, आणि चौकशीअंती बहुतेक ठिकाणी खोकणारा मालक अथवा गडीच त्याचे मूळ निघाला. तेव्हा फिर्यादीच्या रकान्यात डुकराचे नाव घालण्याची वेळ एकापेक्षा अधिक वेळा येऊन गेलेली आहे.

मग डुकराचे नावच या प्रकरणातून वगळावे काय? मुळीच नाही, आणि येथेच अर्जाच्या पूर्वार्धातील खरेपणाचा भाग येतो. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा जनुकसंच एकसंध धाग्याचा नसतो, तर त्याचे आठ सुटे तुकडे असतात. पक्ष्यांचा विषाणू ज्या कड्यांस चिकटून पेशीत शिरतो आणि माणसाचा विषाणू ज्यांस चिकटतो, त्या दोन्ही प्रकारच्या कड्या डुकराच्या श्वासनलिकेत आढळतात. यास्तव बदकाचा आणि माणसाचा असे दोन विषाणू एकाच वेळी एकाच डुकराच्या एकाच पेशीत उतरले, तर बाजारच्या गर्दीत दोन गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतील पुड्यांची अदलाबदल व्हावी त्याप्रमाणे त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन, पूर्वी कोणाच्याही शरीराने न पाहिलेला तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. 2009 चा विषाणू असाच, उत्तर अमेरिकेतील आणि युरोप-आशियातील डुकरांचे वंश मिसळून झालेला होता. थेट डुकराकडून माणसास लागण होते, तीही कल्पनेतील गोष्ट नव्हे : अमेरिकेत 2012 साली शेतकी प्रदर्शनांच्या हंगामात अशा तीनशेहून अधिक लागणी नोंदल्या गेल्या, आणि त्यांत बहुतेक भरणा आपली डुकरे बक्षिसासाठी मांडून त्यांच्यापाशी दिवसभर बसलेल्या मुलांचा होता. परंतु या सर्व उदाहरणांत धोका कोठे उपजतो ते नीट पाहावे. दाटीवाटीने कोंडलेली शेकडो-हजारो जनावरे, त्यांच्यात सतत वावरणारी माणसे आणि जवळपास पक्षी, ही ती परिस्थिती होय. लोणंदच्या वेशीवर उघड्यावर फिरणारी एक डुकरीण व तिची पिले यांच्यापासून जागतिक साथ उत्पन्न होण्याचा संभव फार थोडा. त्यांच्यापासूनचे भय निराळे आहे, आणि ते अर्जदाराच्या ध्यानातही नसते.

ते भय पाहावयाचे असेल तर बाजार उठल्यानंतर, दिवस कलताना, कोणत्याही बाजारगावच्या कांद्याच्या वखारींमागे जावे. हमालांनी निवडून बाजूला टाकलेला सडका कांदा, पाचोळा, फाटक्या गोण्या आणि चहाच्या टपरीवरचे खरकटे यांचा एक ढीग असतो, आणि त्याला लागून एक गटार, ज्याचा उतार मूळ आराखड्यात असावा पण प्रत्यक्षात नसतो. त्या गटारात हिरवट पाणी साचलेले असते. डुकरीण नाकाने कांदे एकीकडे सारते, कारण सडका कांदा तीही आवडीने खात नाही, आणि खालचा भात व भाकरीचे तुकडे नेमके शोधून काढते. पिले तिच्या पोटाखालून पाण्यात उतरतात आणि कानापर्यंत चिखलात लोळतात. चार हातांवर गायबगळे आणि एखादी ढोकरी, मान आखडून, जणू यात आपला काही संबंध नाही अशा मुद्रेने उभी असते. आणि अंधार पडू लागला की त्या हिरव्या पाण्यावरून डास उठतात.

बगळा, डुक्कर, डास आणि साचलेले पाणी, या चौघांच्या संगतीत जो विषाणू फिरतो, त्याचे नाव जपानी मेंदूज्वराचा विषाणू. बगळ्यांच्या जातीचे पाणपक्षी हे त्याचे मूळ आश्रयस्थान; क्युलेक्स जातीचे डास तो पक्ष्याकडून डुकराकडे नेतात; आणि डुकराच्या रक्तात तो काही दिवस एवढ्या विपुल प्रमाणात वाढतो की त्या अवधीत त्यास चावणारे डास पुढे माणसास रोग देण्यास समर्थ होतात. डुक्कर मात्र बहुधा आजारी दिसत नाही. फार तर गाभण मादीची पिले मेलेली जन्मतात, आणि मोकाट डुकरिणीची मेलेली पिले मोजतो कोण? माणूस हा या विषाणूच्या दृष्टीने बंद गल्ली आहे, कारण माणसाच्या रक्तात तो डासास पुरेल एवढा साठत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. लागण झालेल्या बहुतेकांना काही कळतही नाही. पण ज्या थोड्यांच्या मेंदूपर्यंत तो पोहोचतो, त्यांत मुले अधिक असतात, त्यांतील शंभरांपैकी तीसपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना जन्माचे अपंगत्व येते. भारतात तो 1955 साली वेल्लोरच्या भागात प्रथम ओळखला गेला. 2005 साली पूर्व उत्तर प्रदेशात त्याने हजारांवर बळी घेतले. आणि महाराष्ट्रात त्याची ख्याती मुख्यतः भंडारा-गडचिरोलीच्या भातपट्ट्यातील रोग म्हणून होती. 2022 च्या अखेरीस पुणे शहरात, वडगाव शेरीच्या चार वर्षांच्या एका मुलास हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा तेथील डुकरांचे रक्त आणि डासांचे नमुने तपासण्याची धावपळ सुरू झाली. धावपळ योग्यच होती. पण ती मूल आजारी पडल्यानंतरची होती.

नीरेच्या खोऱ्याला या गोष्टीचा विचार करण्याचे खास कारण आहे. वीर धरणापासून निघालेला उजवा कालवा खंडाळा व फलटण तालुक्यांतून जातो. ज्या पट्ट्यात इंग्रजी अमदानीत, 1932 साली, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र काढावेसे वाटले, तो पट्टा त्या कालव्यामुळेच उसाचा झाला. आणि बारमाही पाणी आले तेथे बारमाही बगळे आले. पाण्याने या भागाचे दैन्य फेडले हे कोणी नाकारणार नाही. पण पाझराची डबकी, तुंबलेल्या चाऱ्या, गावची न वाहणारी गटारे आणि त्यांत लोळणारी डुकरे हा या समृद्धीच्या हिशेबातील नावे बाजूचा आकडा होय, आणि तो आजवर कोणी मांडलेला नाही. डुकरे तेवढी उचलून नेल्याने तो पुसला जाईल, असे मानणेही भाबडेपणाचे आहे, कारण डासाचा जन्म डुकरापासून होत नसून पाण्यापासून होतो, आणि पाणी कोणी ठेकेदार जाळ्यात धरून नेत नाही.

गटाराविषयी आणखी एक साक्ष नोंदवून ठेवतो, कारण ती मला विलक्षण वाटते. दूषित पाण्यातून पसरणारी जी ‘ई’ प्रकारची कावीळ, तिचा विषाणू डुकरांतही असतो, असे 1997 साली अमेरिकेत आढळले, आणि पश्चिमेकडील देशांत डुकराच्या कच्च्या मांसावाटे ती माणसास होते हेही पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे कावीळ पुष्कळ आणि मोकाट डुकरेही पुष्कळ. तेव्हा दोन आणि दोन चार करण्याचा मोह कोणासही व्हावा. पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेतील विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील डुकरांचे व रुग्णांचे नमुने ताडून पाहिले, आणि 2002 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की येथील डुकरांतील विषाणू एका जनुकीय प्रकारचा, तर माणसांतील दुसऱ्याच प्रकारचा आहे. म्हणजे गावाला कावीळ झाली तर ती माणसांच्याच मैल्याने बिघडलेल्या पाण्यातून झाली. गटार आणि नळ यांची जेथे गाठ पडते तेथे खोदून पाहण्यापेक्षा गटाराकाठच्या जनावराकडे बोट दाखवणे कमी खर्चाचे पडते, हा भाग अलाहिदा.

डुकराकडून माणसास होऊ शकणाऱ्या अनर्थाचे जे सर्वांत भयंकर उदाहरण इतिहासात आहे, ते मलेशियाचे. आणि त्याचा एक धागा, दूरचा का होईना, सातारा जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. 1998 च्या अखेरीस मलेशियातील डुक्करपालकांत मेंदूज्वर पसरू लागला. सरकारने तो जपानी मेंदूज्वरच ठरवला, धूरफवारणी केली, लस टोचली, आणि माणसे मरतच राहिली. वास्तविक शंका येण्यास जागा पुष्कळ होती. आजारी पडणारे बहुतेक प्रौढ, डुकरांत काम करणारे चिनी पुरुष होते, शेजारच्या मुसलमान वस्त्यांत, डास तेच असूनही, रोग जवळजवळ नव्हता, आणि माणसांच्या अगोदर डुकरे मोठ्याने, दूरवर ऐकू जाईल अशी, खोकत होती. मार्च 1999 मध्ये चुआ कॉ बिंग या डॉक्टराने नवा विषाणू वेगळा काढला आणि सुंगाई निपाह या गावावरून त्यास निपाह हे नाव मिळाले. मलेशियात 265 रुग्ण, 105 मृत्यू, आणि दहा लाखांवर डुकरांची कत्तल एवढ्यावर ती साथ थांबली. मूळ वटवाघळांत होते : डुकरांच्या मोठमोठ्या गोठ्यांवर आंब्याची झाडे लावलेली होती, वटवाघळांनी उष्टी केलेली फळे खाली पडत होती आणि ती डुकरे खात होती. आता, महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च 2020 मध्ये धरलेल्या वटवाघळांत या निपाह विषाणूच्या खुणा राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस आढळल्या आणि 2021 साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात जी घबराट उडाली ती अनाठायी होती. त्या विषाणूने महाराष्ट्रात कोणासही आजारी पाडल्याची नोंद नाही. परंतु वटवाघूळ, फळबाग आणि मोठा वराहगोठा ही त्रयी एका ठिकाणी आणू नये, एवढा बोध घेण्यास रुग्णाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. आणि वराहपालनास सरकारी अनुदान देणाऱ्या कचेरीने जागेची पाहणी करताना वर झाडाकडेही एकदा पाहावे.

आता मुख्य मुद्दा. या सर्व हकिगतीत जो मनुष्य सर्वांत महत्त्वाचा, तो आपल्या अर्जात कोठेच नसतो. मोकाट म्हटले जाणारे डुक्कर बहुधा बेवारस नसते. त्याला मालक असतो, त्या मालकास आपले जनावर दुरून ओळखता येते, आणि तो बहुतकरून वडार, कैकाडी अशा एखाद्या समाजातील, गावाच्या कडेला राहणारा, स्वतःच्या नावे गुंठाभर जागा नसलेला माणूस असतो. तो कोण हे गावात सर्वांस ठाऊक असते आणि कागदावर कोणीच लिहीत नाही. लोणंदच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांचा सौदा ज्या थाटाने होतो, तो पाहावा. 1 जून 2024 पासून तर कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा राज्य सरकारचा हुकूम आहे, म्हणजे मेंढराला आता सरकारदरबारी नाव-गाव मिळाले. गटारातल्या डुकराच्या कानात बिल्ला कोणी पाहिला आहे काय? ज्या जनावराची नोंद नाही, ते आजारी पडले तर त्याची खबर कोण देणार, आणि कशाला देईल? खबर देण्याचे फळ म्हणून जर जाळे घेतलेला ठेकेदारच दारात यावयाचा असेल, तर शहाणा मालक आजारी जनावर रात्रीत विकून मोकळा होईल. 2020 साली आसामात जो आफ्रिकन वराहज्वर शिरला, तो माणसास होत नाही. पण डुकरांचे कळपचे कळप तो साफ करतो, आणि लपवलेल्या व घाईने विकलेल्या जनावरांबरोबरच तो गावोगाव हिंडतो.

म्हणून माझे म्हणणे असे की नगरपंचायतीने डुकरे हद्दपार करण्याचा खटाटोप सोडून, मालकांची यादी करावी आणि त्यांस गावाबाहेर, वस्तीपासून व उघड्या पाण्यापासून काही अंतरावर, कुंपण, फरशी आणि पाण्याची सोय असलेली सामाईक जागा माफक भाड्याने द्यावी. बाजारातील व उपाहारगृहांतील ओले खरकटे उकळून तेथेच पोहोचते करावे. आणि मग, एवढी सोय केल्यानंतरच, रस्त्यावर सापडणाऱ्या जनावरास कोंडवाडा व मालकास दंड हा नियम कसोशीने चालवावा. सोय न करता केलेला दंड म्हणजे निव्वळ जुलूम, आणि दंड न ठेवता केलेली सोय म्हणजे निव्वळ खैरात. यावर कोणी म्हणेल की गावाला डुकरे हवीतच कशाला. हा प्रश्न मी प्रामाणिक समजतो. ज्याच्या अंगणात डुकरिणीने उकिरडा केला, ज्याच्या लेकराच्या अंगावर ती धावून आली, त्याला साथींचा इतिहास ऐकवणे क्रूरपणाचे आहे. पण ‘नकोत’ म्हटल्याने ती जात नाहीत हा अनुभव आहे. लोणंदमध्ये धरलेली फलटणच्या वाटेला आणि फलटणकडे धरलेली लोणंदच्या वाटेला लागण्याने दोन्ही गावांचा खर्च तेवढा होतो, आणि कोणते जनावर कोठले होते हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

आणि हे जनावर कोठले ते कळणे फार मोलाचे आहे, कारण नोंद असलेले डुक्कर हे रोगाची वर्दी सर्वांआधी देणारे जनावर ठरू शकते. जपानने हे ओळखले. तेथे 1965 पासून दर उन्हाळ्यात प्रांतोप्रांतीच्या कत्तलखान्यांतील डुकरांचे रक्त तपासले जाते, त्यात मेंदूज्वराच्या ताज्या लागणीच्या खुणा दिसू लागल्या की त्या प्रांतास इशारा मिळतो, आणि त्याच्या जोडीला मुलांचे लसीकरण व वस्तीतून दूर नेलेले गोठे असल्यामुळे ज्या देशात एकेकाळी हजारो रुग्ण होत, तेथे आता वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके होतात. आपल्याकडे संस्था आहे, विद्वान आहेत, लसही आहे. भारतात तयार झालेल्या एका लसीचा मूळ विषाणू तर कर्नाटकातील कोलार येथील रुग्णापासून पुण्याच्याच संस्थेने वेगळा काढलेला आहे. नाही ती मधली साखळी. जनावराचा दवाखाना पशुसंवर्धन खात्याकडे, डास आरोग्य खात्याकडे, गटार नगरपंचायतीकडे, कालव्याची गळती पाटबंधारे खात्याकडे, आणि या चार दप्तरांची पत्रे एकमेकांस ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ जातात आणि तेथेच तहकूब होतात.

हे काम लोणंदपुरते करून पाहण्यास मोठ्या योजनेची गरज नाही. मोठ्या डुकरांच्या रक्तात जुन्या लागणीच्या खुणा असतातच, म्हणून त्यांचा उपयोग थोडा. उन्हाळ्यात जन्मलेली, आईकडून मिळालेले संरक्षण ओसरलेली कोवळी पिले यासाठी लागतात, आणि श्रावण-भाद्रपदात, पाऊस उघडून डास वाढण्याच्या सुमारास, दर पंधरवड्याने थोड्या पिलांचे चमचाभर रक्त काढावे लागते. पिलू धरून द्यावयास मालक लागतो, कारण परक्याच्या हाती ते सापडत नाही. त्याला त्याचा दिवसाचा रोज द्यावा, आणि त्याच भेटीत त्याच्या सगळ्या जनावरांना (आफ्रिकन नव्हे, साध्या) वराहज्वराची प्रचलित लस टोचावी, म्हणजे पुढच्या खेपेस तो स्वतः निरोप पाठवील. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून सकाळच्या गाडीने लोणंद स्टेशनवरून निघाल्या, तर त्या दुपारी पुण्यास पोहोचतात. पेटीचे भाडे कोणत्या खात्यात खर्ची टाकावे, एवढा एकच प्रश्न उरतो, आणि तो या पावसाळ्यापूर्वी जिल्हा परिषदेने निकालात काढावा.